‘ओ’ या अक्षराची कुळकथा

फेरारीच्या ‘२५० जीटीओ’मधला ‘ओ’ म्हणजे ‘ओमोलोगातो’, इटालियनमध्ये ‘मान्यताप्राप्त’. रबरी शिक्क्यावर शोभणारा हा रुक्ष शब्द आज श्रीमंतीची परिसीमा मानला जातो. गंमत अशी, की ज्या मान्यतेची तो ग्वाही देतो, ती पळवाटेने मिळवलेली. जीटी गटाच्या शर्यतीत उतरायचं तर बारा महिन्यांत १०० गाड्या बांधलेल्या हव्यात, असा मोटारशर्यतींच्या जागतिक संघटनेचा, एफआयएचा, नियम होता. फेरारीने १९६२ ते १९६४ या काळात बांधल्या ३६. चार लिटर इंजिनाच्या तीन निराळ्या. ही जुन्या ‘२५० जीटी’चीच सुधारित आवृत्ती, असं कागदोपत्री दाखवून काम भागलं. सुधारणा कसली? मोदेनात स्काल्येत्तीच्या कारागिरांनी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून अंगच नवं घडवलं होतं. नाकाडावर हवेसाठी तीन अर्धवर्तुळाकार झरोके आणि बॉनेटखाली बारा सिलिंडरांवर सहा वेबर कार्ब्युरेटरांची रांग. १९६४ मध्ये ‘२५० एलएम’ या गाडीसाठी फेरारीने हाच डाव टाकला, तेव्हा मात्र एफआयएने दाद दिली नाही. म्हणजे जीटीओची दुर्मिळता कुणी योजलेली नव्हती. ती नियमातल्या फटीतून निसटलेली होती.

तीस वर्षांनी इंग्लंडमधल्या मॅकलारेन एफ१ची गत उलटी झाली. तिचा रचनाकार गॉर्डन मरी याला शर्यतीची गाडी नकोच होती, रस्त्यावरची सर्वोत्तम हवी होती. म्हणून सांगाडा कार्बन फायबरचा, चालक मधोमध आणि दोन प्रवासी त्याच्या दोन्ही अंगांना किंचित मागे. बीएमडब्ल्यूच्या इंजिनाची धग परतवायला भोवती चक्क सोन्याचा वर्ख. बेत सुमारे ३०० गाड्यांचा होता. पण १९९२ मध्ये ती मोनाकोत लोकांसमोर आली तेव्हा मंदी होती आणि किंमत पाच लाख पौंडांच्या वर. रेसच्या गाड्या धरूनही आकडा १०६ वर थांबला. तिथे कागद अपुरे पडले नव्हते, गिऱ्हाईकं अपुरी पडली होती.

यावर कुणी म्हणेल, की मोल आकड्याचं नसतं, पराक्रमाचं असतं; पडेल गाड्याही दुर्मिळ असतात, त्यांना कोण विचारतो? खरं आहे. जीटीओने सलग तीन वर्षं जीटी गटाचं विजेतेपद फेरारीला मिळवून दिलं. ग्राहकांच्या हट्टापायी रेसमध्ये उतरलेल्या एफ१ने १९९५ मध्ये ल माँची शर्यत जिंकली. पण जीटीओचा पराक्रम १९६४ सालीच पुरा झाला होता. तरीही त्यांतली एक टेक्सासमधल्या हायस्कूलच्या दुरुस्ती-वर्गाला देणगी म्हणून गेली आणि पुढे कित्येक वर्षं शेतात ट्रेलरवर ऊन-पाऊस खात उभी राहिली. २०१८ मध्ये दुसरी एक लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. दरम्यान ना गाड्यांचा आकडा बदलला होता, ना एखादी जुनी शर्यत नव्याने जिंकली गेली होती. बदलला तो बघणारा: तेव्हा ती जुनी झालेली रेसगाडी होती, आता ‘छत्तिसांतली एक’ झाली.

हे फेरारीला उशिरा का होईना, पण नेमकं उमगलं असावं. १९८४ मध्ये तिने ‘ओ’ पुन्हा बाहेर काढला. ‘२८८ जीटीओ’ ही ‘ग्रुप बी’ या शर्यत-गटासाठी होती, नियम २०० गाड्यांचा. या खेपेला नियम पुरा करून वर ७२ बांधल्या. सगळ्या खपल्या, ‘ग्रुप बी’च्या शर्यतीत मात्र एकही धावली नाही.