तळटीप : ‘आहणा’

१. आहणा (पाठभेद : आहाणा) – पु., म्हण, लोकोक्ती. आजच्या वाचकाला हा शब्द अनोळखी वाटेल, पण तो ‘म्हण’ या शब्दाचा भाऊबंदच आहे. संस्कृतात ‘भण्’ म्हणजे बोलणे. त्याला ‘आ’ हा उपसर्ग लागून ‘आभाणक’, म्हणजे परंपरेने चालत आलेली उक्ती, हा शब्द झाला. दोन स्वरांमधल्या ‘भ’चा प्राकृतात ‘ह’ होतो, जसे ‘गभीर’वरून ‘गहिरा’. शेवटचा ‘क’ गळून शब्द आकारान्त होतो, जसे ‘घोटक’वरून ‘घोडा’. या वाटेने ‘आभाणक’चा ‘आहाणा’ झाला. ‘म्हणणे’ हे क्रियापदही ‘भण्’वरूनच आले आहे, ‘म्हण’ हे नाम त्यातलेच.

म्हण आणि वाक्प्रचार यांची गल्लत करू नये. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण : विधान पूर्ण, आणि शब्द सहसा बदलत नाहीत. ‘तोंडाला पाने पुसणे’ हा वाक्प्रचार. तो कर्त्या-काळाप्रमाणे चालवावा लागतो : पाने पुसली, पुसतील, पुसू नका. ‘उखाणा’ही याहून वेगळा, मराठीत तो कोड्याला किंवा नाव घेण्याच्या पद्यपंक्तींना म्हणतात. नेपाळीत मात्र ‘उखान’ म्हणजे म्हणच.

प्रस्तुत पुस्तकात ‘आहणा’ जिथे जिथे येईल, तिथे ‘म्हण’ हाच अर्थ घ्यावा. – संपा.