उपयोगी कागद आणि निरुपयोगी कागद

केवळ ज्ञानासाठी चाललेल्या संशोधनावर गरीब समाजाने पैसा खर्च करावा की नाही, हा वाद आपल्याकडे नवा नाही. खेड्यात दवाखाना नाही, दवाखाना आहे तेथे डॉक्टर नाही. अशा देशात कोणी ताऱ्यांच्या प्रकाशाचा आणि अमूर्त बीजगणिताचा विचार करीत बसावे, ही अनेकांना चैन वाटते. ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मात्र तिचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा इतिहासाने द्यावे, या हेतूने दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील तीन कागदांची हकीकत आपणांपुढे मांडतो.

१९४३ हे साल आठवले की बंगालचा दुष्काळ डोळ्यांपुढे उभा राहतो. लाखो माणसे अन्नावाचून आणि रोगराईने मरत होती. त्याच साली प्रल्हाद चुनीलाल वैद्य या तरुण गुजराती गणितज्ञाचा एक लहानसा निबंध ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वैद्य हे काशीस प्राध्यापक विष्णू वासुदेव नारळीकर यांच्या मार्गदर्शनाखाली काम करण्यासाठी गेले होते. नारळीकर मूळचे कोल्हापूरचे. केंब्रिजहून परतल्यावर काशी हिंदू विश्वविद्यालयात त्यांनी सापेक्षतावादाच्या अभ्यासाचा पाया घातला होता. प्रश्न असा होता : आइन्स्टाइनच्या समीकरणांची श्वार्ट्झशिल्ड यांनी १९१६ साली जी उकल दिली, तीत ताऱ्याबाहेर सारे रिकामे आहे, ताऱ्यातून काहीच बाहेर पडत नाही, असे गृहीत धरले होते. खरा तारा तर अहोरात्र प्रकाश टाकतो, म्हणजे आपले वस्तुमान थोडे थोडे गमावीत असतो. अशा ताऱ्याभोवतीचे गुरुत्वाकर्षण कसे असेल? वैद्यांनी ते समीकरणात बसवून दाखविले. त्या दुष्काळाच्या वर्षी या उत्तराचा उपयोग काय, असे कोणी विचारले असते, तर सांगण्याजोगे काहीच नव्हते.

दुसरा कागद पुण्याचा. दामोदर धर्मानंद कोसंबी त्या वेळी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असत. १९४४ साली त्यांचा जो निबंध प्रसिद्ध झाला, त्याचा विषय आनुवंशिकतेचा होता. एकाच गुणसूत्रावरील दोन जनुके पुढील पिढीत जाताना कधी बरोबर जातात, कधी त्यांची ताटातूट होते. ताटातूट किती वेळा होते, यावरून त्यांच्यातील अंतर काढता येते. परंतु एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या जवळपास दुसरी होण्याचा संभव कमी होतो. हॉल्डेन यांच्या १९१९ सालच्या सूत्रात ही अडचण धरलेली नव्हती. कोसंबींनी ती हिशेबात घेणारे सूत्र दिले. निबंध काही पानांचाच, आणि लिहिणारा जीवशास्त्रज्ञ नव्हे, गणिताचा प्राध्यापक.

तिसरा कागद मात्र लहान नव्हता. तो चार खंडांचा अहवाल होता. १९४३ सालच्या ऑक्टोबरात सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य पाहणी समिती नेमली. भोर जन्माने नाशिकचे आणि डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या या अहवालातील आकडे आजही वाचताना मन विषण्ण होते. जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १६२ मुले वर्षाच्या आत दगावत. सरासरी आयुर्मान सत्तावीस वर्षांहूनही कमी. सुमारे ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० माणसांमागे एक परिचारिका. समितीचे सूत्र साधे होते : पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये. आरंभी चाळीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पुढे दहा ते वीस हजारांमागे ७५ खाटांचे रुग्णालय, अशी तिची योजना होती.

आता या तिन्ही कागदांचे पुढे काय झाले ते पाहा.

१९६३ साली क्वेसारांचा शोध लागला, प्रचंड गुरुत्वाकर्षण आणि प्रचंड प्रकाश यांचा एकत्र विचार करणे भाग पडले, आणि वीस वर्षांपूर्वीची वैद्यांची उकल जगभरच्या शास्त्रज्ञांच्या हाती आली. कोसळणारे तारे आणि विरत जाणारी कृष्णविवरे यांच्या अभ्यासात ती आजही वापरली जाते. कोसंबींचे सूत्र पिकांच्या, जनावरांच्या आणि माणसांच्या जनुकांचे नकाशे काढताना रूढ झाले. आनुवंशिक रोगाचे मूळ गुणसूत्रावर कोठे आहे, या शोधातही ते कामी आले. जे निरुपयोगी वाटले होते, त्याला आपल्या पायांनी चालत येऊन उपयोग भेटला.

अमूर्त बीजगणिताचीही कथा हीच. १२ मार्च १९४४ रोजी होमी भाभांनी दोराबजी टाटा विश्वस्तनिधीला पत्र लिहिले आणि पुढच्याच वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. सेर यांनी १९५५ साली उपस्थित केलेला बीजगणितातील एक अवघड प्रश्न दोन चलांपुरता १९५८ साली सोडविला तो तेथील शेषाद्रींनी. नरसिंहन आणि शेषाद्री यांचा १९६५ सालचा सिद्धान्त पुढे भौतिकीतील क्षेत्रसिद्धान्ताच्या गणिताशी जोडला गेला, तो सिद्ध होताना तशी कोणाची अपेक्षा नसताना.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. याच संस्थेत सोळा-सतरा वर्षे काम केलेल्या कोसंबींनीच, गरीब देशाने अणुशक्तीच्या महागड्या मार्गाने जावे काय, असा प्रश्न विचारला होता आणि सूर्यशक्तीचा पुरस्कार केला होता. तेव्हा विद्येच्या नावाने कोणताही खर्च डोळे मिटून मान्य करावा, असे मी म्हणत नाही.

परंतु ज्या अहवालाचा उपयोग शेंबड्या पोरालाही कळावा, त्याचे काय झाले? १९५२ साली पहिली प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडली. लसी आल्या, औषधे आली. आयुर्मान सत्तरीपर्यंत पोहोचले आणि २०२३ साली बालमृत्यूंचे प्रमाण हजारी २५ वर आले. हे यश थोडे नव्हे. तथापि भोर समितीचे मूळ सूत्र अपुरेच राहिले. २०२१-२२ साली सर्व सरकारांचा आरोग्यावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत तो अडीच टक्के करण्याचे ठरविले होते. त्याच साली एकंदर आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार लोकांनी थेट आपल्या खिशातून उचलला. आठ वर्षांपूर्वी हाच भार ६४ टक्क्यांवर होता, म्हणजे सुधारणा आहे. पण रोग्याच्या घरचे दागिने अजून मोडावे लागतातच.

मग ताऱ्यांकडे पाहणाऱ्यांनी रोग्याच्या तोंडचा घास काढला काय? २०२०-२१ साली सरकारी आणि खासगी मिळून सर्व प्रकारच्या संशोधनावर देशाने जो खर्च केला, तो राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. ताऱ्यांच्या आणि बीजगणिताच्या वाट्याला त्यातलाही एक कोपराच येतो. तो कोपरा उद्या झाडून रिकामा केला, तरी अडीच टक्क्यांचे अंतर भरून निघावयाचे नाही.

वैद्यांच्या निबंधाला शाई, कागद आणि एका प्राध्यापकाचा आधार एवढेच लागले. बाकीचे काम काळाने केले. भोर यांच्या अहवालाचे काम काळ करीत नाही. त्याला दरसालच्या अंदाजपत्रकात तरतूद लागते, आणि ती मागणारे नागरिक लागतात. तेव्हा ताऱ्यांवरचा खर्च कशाला, असे विचारणाऱ्याला मी एवढेच म्हणेन की, आपला प्रश्न योग्य आहे, पण पत्ता चुकला आहे. तो आपल्या नगरपालिकेच्या सभेत आणि मत मागावयास येणाऱ्या उमेदवाराला विचारावा.