मोटारसायकलची साखळी
मोटारसायकलची साखळी (चेन) गिअरपेटीकडून येणारी शक्ती मागील चाकापर्यंत पोहोचवते. वापरामुळे तिच्या कड्यांचे सांधे झिजतात व ती सैल पडते. अतिसैल साखळी दातेरी चक्रावरून निसटून मागील चाक जखडू शकते. अतिताणलेली साखळी बेअरिंग लवकर झिजवते.

देखभाल
साखळीचा सैलपणा दोन चक्रांच्या मध्यावर, खालच्या बाजूस मोजतात. अनेक गाड्यांत तो २० ते ३० मिलिमीटर असतो. नेमके माप वाहनाच्या पुस्तिकेत दिलेले असते. ताण बदलताना मागील आसाचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवतात, अन्यथा चाक तिरके बसते. शेवटी नट पुन्हा घट्ट आवळणे आवश्यक असते.

सुरक्षितता
साफसफाई व वंगण देताना इंजिन बंद ठेवून चाक हाताने सावकाश फिरवतात. इंजिनाने चाक फिरत असताना फडके साखळीत ओढले जाऊन बोटे तुटण्याचा धोका असतो.