पर्ल रिव्हरचे सुब्बाराव

परदेशातून शिकायला आलेल्या मुलाला शिक्षण संपल्यावर नोकरी द्यावी की नाही, हा प्रश्न अमेरिकेतल्या मालकांपुढे आज आहे तसा शंभर वर्षांपूर्वीही होता. तेव्हा कायदा उघडउघड कातडीचा रंग विचारत असे, एवढाच फरक. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातून जाणाऱ्यांना दार लावले, पण विद्यार्थ्यांसाठी फट ठेवली. १९२३ च्या फेब्रुवारीत भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की हिंदी माणूस ‘गोरा’ नाही, सबब त्याला नागरिकत्व नाही. शिकायला या, आमचे मात्र होऊ नका!

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव बॉस्टनला उतरले. वय अठ्ठावीस. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. खादी घालत म्हणून गोऱ्या प्राध्यापकाची खप्पामर्जी झाली आणि एम.बी.बी.एस.ऐवजी खालची पदवी हाती पडली, असे सांगतात. दोन भाऊ संग्रहणीने काही दिवसांच्या अंतराने गेले होते. त्याच दुखण्यातून स्वतः सुब्बाराव वाचले ते आयुर्वेदाच्या औषधाने. बायको मागे आंध्रात राहिली. तिला नवरा पुन्हा दिसला नाही.

हार्वर्डमध्ये उष्ण कटिबंधातल्या रोगांचा अभ्यासक्रम सुरू झाला, पण पोटाचे काय? एका इस्पितळात रात्रपाळीचा पोर्टर म्हणून ते रोग्यांची भांडी साफ करत. दिवसा प्रयोगशाळा. १९२५ साली सायरस फिस्क या प्राध्यापकाबरोबर त्यांनी रक्तातले आणि लघवीतले फॉस्फरस मोजण्याची पद्धत बसवली. ती दोघांच्या नावाने पाठ्यपुस्तकांत गेली. १९२९ मध्ये दोघांनी ‘एटीपी’ हा पदार्थ स्नायूंतून वेगळा केला. आपण हात उचलतो, श्वास घेतो, ती शक्ती पेशींना ज्यातून मिळते तोच हा. (माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या कवीला यातले रसायनशास्त्र ओ का ठो कळत नाही. पण श्वासाचे भांडवल सापडले, एवढे कळते.) १९३० मध्ये पीएच.डी. मिळाली. विद्यापीठाने त्यांना कायम मात्र केले नाही. त्यांचे काही संशोधन फिस्क यांनी असूयेपोटी उजेडात येऊ दिले नाही, असे पुढे नोबेल मिळवणारे जॉर्ज हिचिंग्ज यांनीच सांगून ठेवले आहे.

१९४० मध्ये न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर गावातल्या लेडर्ली या औषध कंपनीने त्यांना घेतले. लवकरच संशोधनाची सगळी सूत्रे त्यांच्या हाती दिली. कंपनीने हा परोपकार केला असे मला वाटत नाही. यकृताच्या अर्कातून रक्तक्षयावर औषध काढायचे होते आणि त्या अर्काची नस ओळखणारा माणूस समोर होता. व्यापारी हिशेबच तो. पण विद्यापीठाच्या प्रतिष्ठेला जे दिसले नाही, ते या हिशेबाला दिसले.

पुढच्या आठ वर्षांत त्या प्रयोगशाळेतून काय काय निघाले! १९४५ मध्ये फॉलिक अॅसिड तयार झाले. आज आपल्या गावोगावच्या गरोदर बायांना दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळीत तेच असते. ते संग्रहणीवरही चालले. ज्या रोगाने भाऊ नेले, त्याचे औषध भावाच्या हाताखाली सापडले. ही बातमी भीमवरमच्या घरी कशी ऐकली गेली असेल, हा विचार मनातून जात नाही. १९४७ मध्ये हत्तीरोगावरचे हेट्राझान आले. कोकणात आणि विदर्भात ज्यांनी सुजलेले पाय पाहिले आहेत त्यांना त्याची किंमत वेगळी सांगायला नको. बेंजामिन डगर हे सत्तरी ओलांडलेले, निवृत्त झालेले प्राध्यापकही याच प्रयोगशाळेत आले. दुसऱ्यांनी मोडीत काढलेली माणसे इथे बरी सामावत. त्यांनी मातीतल्या जिवाणूपासून ऑरिओमायसिन शोधले. टेट्रासायक्लिन त्याच कुळातले. १९९४ साली बीड जिल्ह्यात आणि सुरतेत प्लेगची हाकाटी उठली, तेव्हा लोक औषधांच्या दुकानांपुढे याच गोळ्यांसाठी रांगा लावून उभे होते.

शिवाय अमिनोप्टेरिन. रक्ताचा कर्करोग झालेली मुले तेव्हा काही आठवड्यांत जात. बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी हे औषध सोळा मुलांना दिले. दहा मुलांत रोग काही काळ मागे हटला. जून १९४८ मध्ये ही हकिगत छापून आली. त्याचेच भावंड मेथोट्रेक्सेट. आज ते कर्करोगाला देतात, तसेच सांधेवातालाही.

मधल्या काळात, २ जुलै १९४६ रोजी, कायदा बदलला. हिंदी माणसाला नागरिकत्व मोकळे झाले. वर्षाला शंभर जणांना येऊन स्थायिक होण्याची परवानगी! शंभर! सुब्बारावांनी मात्र नागरिकत्व घेतले नाही. अमेरिकेत २५ वर्षे काढलेला हा माणूस कागदोपत्री परकाच राहिला.

आज तिथे शिकलेल्या परदेशी मुलांना पदवीनंतर वर्षभर कामाची मुभा आहे, विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना २०१६ च्या नियमाने आणखी दोन वर्षे. दुसरीकडे, सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून नवा तज्ज्ञ कर्मचारी आणणाऱ्या मालकावर एक लाख डॉलरचे शुल्क लावण्याचा हुकूम निघाला. दाराची फट कमीजास्त होतच असते.

८ ऑगस्ट १९४८ च्या रात्री सुब्बाराव झोपेतच गेले. फार्बर यांचा लेख छापून येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. पाच वर्षांनी एका शास्त्रज्ञाने नव्याने सापडलेल्या बुरशीच्या जातीला नाव दिले, ‘सुब्बारोमायसिस’.