सतारमेकर गल्लीतला एक दिवस

शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि चकाकी देणारा. मूळ अरबी शब्द 'सैकल', म्हणजे घासून लखलखीत करणे. मिरजेच्या सतारमेकरांचे पूर्वज हेच काम करत. पेशवाई बुडाली, संस्थानिकांच्या फौजा आटल्या आणि तलवारीला गिऱ्हाईक उरले नाही. तेव्हा फरीदसाहेब नावाच्या कारागिराने दुरुस्तीला आलेली वाद्ये हाताळता हाताळता नवीच घडवायला घेतली, असे घराण्यांत सांगतात. ही एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची गोष्ट. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता, गावात गवई येत होते. पुढे कारागिरांचे आडनावच सतारमेकर झाले.

आपल्या इतिहासात मुसलमान आला की हातात तलवार हवीच, असा रिवाज आहे. ती खाली ठेवून तंबोरा घडवणारे कुठल्या धड्यात आहेत? म्हणून एक दिवस या गल्लीत काढायचा ठरवला. बघण्याची यादी केली नाही, घाईही केली नाही.

सकाळी दहाला दुकाने उघडतात. दारातच वाळलेले भोपळे टांगलेले असतात, पुरुषभर घेराचे. हे कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे शेतकरी पिकवतात. विठोबाच्या मुलखातला भोपळा, मिरजेच्या मुसलमानाचा रंधा, आणि तंबोरा जातो कधी देवळात, कधी मैफलीत. यात कुणाला काही विशेष वाटत नाही. मलाच तेवढे वाटले.

एका दुकानात चहा आला आणि मी टेकलो. चाचा जवारी काढत होते. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानसेने इतका हलक्या हाताने घासायचा की तार तिला नुसती चाटून जावी, आणि खाली सुताचा बारीक धागा सरकवला की स्वर फुलावा. मोजपट्टी इथे निरुपयोगी. चाचा दोनदा घासत, एकदा छेडत, मान हलवत आणि पुन्हा घासत. तासभर हेच चालले होते. धार लावणाऱ्याचा तोच हात, असे मी म्हणालो, तर हसले. "धार लावायला डोळा लागतो, बेटा. इथं कान लागतो."

दुपारी ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. उरुसात पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो, हा मान पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. जवळच उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर. 1872 साली कैरान्यात जन्मलेला हा गवई मिरजेत रुजला. 1937 मध्ये पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमाळ कोइल स्थानकावर त्यांचा अंत झाला, मय्यत इथे आणली गेली. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात संगीत सभा होते, चिंचेच्या झाडाखाली. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. दर्ग्यात गाणे नको म्हणणारे आपल्यात आता वाढत आहेत. त्यांनी ही कबर एकदा पाहावी, एवढेच म्हणतो.

संध्याकाळी परत गल्लीत आलो. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे गुणगान ऐकायला मिळेल वाटले होते, पण चाचा वेगळ्याच चिंतेत होते. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि मोबाइलमधला तंबोरा आला, तेव्हा शिकणाऱ्या पोरांनी खरा घ्यायचे सोडले. मोठे गवई अजून घेतात, पण मोठे गवई किती? आणि जवारी शिकायला वर्षे जातात. तेवढ्या वर्षांत गल्लीतला मुलगा पुण्याच्या कंपनीत कायम होतो.

त्यांचा नातू शेजारीच बसला होता, बारावीला. कानसेला हात लावत नव्हता, पण चाचांनी तार छेडली की मोबाइलवरून मान वर करायचा. चौथ्यांदा म्हणाला, "दादा, अजून खरखरतंय." चाचांनी धागा केसभर पुढे सरकवला.