अर्भकाची वेदना आणि विद्वानांचा संशय

जालन्याच्या औद्योगिक वसाहतींत लोखंडी सळयांचे कारखाने आहेत. तेथें एखाद्या कामगाराचा हात तापलेल्या सळईनें भाजला, तर त्यास वेदना होते कीं नाहीं याचा पुरावा कोणी मागत नाहीं; त्याचें ओरडणें हाच पुरावा ठरतो. परंतु त्याच कामगाराच्या घरीं अपुऱ्या दिवसांचें मूल जन्मलें आणि त्यास रुग्णालयांतील कांचेच्या पेटींत ठेवावें लागलें, तर त्या मुलाचें रडणें पुरावा म्हणून मान्य करावयास वैद्यकशास्त्राला जवळजवळ १९८७ साल उजाडावें लागलें. ही गोष्ट वाचकांस अविश्वसनीय वाटेल. पण ती खरी आहे, आणि ती घडली कशी हें पाहण्यासारखें आहे.

या कथेचा एक धागा जालना ज्या राज्यांत १९४८ पर्यंत होतें, त्या निजामाच्या राज्यांतून जातो. १८४६ सालीं बोस्टन येथें ईथरची आणि पुढील वर्षीं एडिंबर्ग येथें क्लोरोफॉर्मची भूल देण्यास प्रारंभ झाला. शस्त्रक्रियेंतील यातना संपल्या. पण क्लोरोफॉर्म हुंगतां हुंगतां मधूनच एखादा रोगी दगावूं लागला. हृदय आधीं बंद पडतें कीं श्वास, या प्रश्नावर वैद्यांत मोठा वाद माजला. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांनीं त्याच्या निर्णयासाठीं १८८८ आणि १८८९ सालीं दोन चौकशीमंडळें बसविलीं. दुसऱ्या खेपेस निजामानें हजार पौंड देऊं केले, आणि लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकानें लॉडर ब्रन्टन यांस हैदराबादेस धाडलें. शेंकडों जनावरांवर प्रयोग झाले. श्वास आधीं थांबतो, हा मंडळाचा निष्कर्ष पुढें टिकला नाहीं. परंतु या वादानें एक गोष्ट स्पष्ट दिसते: वेदना नाहींशी करणारें औषधच प्राण घेईल, हें भय वैद्यांच्या मनांत खोल रुजलें होतें.

अर्भकाच्या बाबतींत या भयानें विचित्र वळण घेतलें. इवल्या देहास भूल सोसेल कीं नाहीं, ही शंका रास्तच होती. पण ‘भूल देणें धोक्याचें आहे’ असें म्हणून शस्त्र चालविणें मनास टोंचतें. ‘त्याला कांहीं कळतच नाहीं’ असें म्हटलें म्हणजे टोंचणी उरत नाहीं. या दुसऱ्या मतास शास्त्राचा आधारही सांपडला. नवजाताच्या मज्जातंतूंवरील आवरण पूर्ण झालेलें नसतें, सबब त्याला वेदना होत नसावी, असें सांगण्यांत येऊं लागलें. १९४१ सालीं अमेरिकेंत मर्टल मॅग्रॉ यांनीं तान्ह्या मुलांस टांचणी टोंचून त्यांचे प्रतिसाद नोंदविले. पहिल्या कांहीं दिवसांत ते अस्पष्ट दिसले, आणि अनेकांनीं त्यांतून सोयीचा अर्थ काढला. पुढें १९५० च्या सुमारास लिव्हरपूलहून नायट्रस ऑक्साइड आणि क्यूरारे यांची पद्धत प्रसृत झाली. क्यूरारेनें स्नायू लुळे पडतात. वेदना जात नाहीं, शुद्धही हरपत नाहीं. कित्येक ठिकाणीं तर नायट्रस ऑक्साइडही न देतां केवळ असें औषध वापरून मुलांवर शस्त्रक्रिया होत. मूल हलत नाहीं, रडत नाहीं, म्हणून तें सुखांत आहे असें मानलें जाई. साक्षीदाराचें तोंड बांधावें आणि त्याची तक्रार नाहीं म्हणून निकाल द्यावा, तसाच हा न्याय होता.

१९८५ सालीं अमेरिकेंत अपुऱ्या दिवसांच्या एका मुलावर अशाच रीतीनें हृदयाजवळील शस्त्रक्रिया झाली. तें मूल पुढें दगावलें. त्यास भूल दिलीच नव्हती हें मातेला मागाहून कळलें. तिनें तें जगासमोर मांडलें आणि मोठा गहजब झाला. त्याच सुमारास इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेले कन्वलजीतसिंग आनंद हे ऑक्सफर्डला या प्रश्नाचा अभ्यास करीत होते. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं शस्त्रक्रियेच्या अर्भकांचे दोन गट केले. नेहमींची नायट्रस ऑक्साइड व क्यूरारे यांची पद्धत दोन्हींकडे होती. एका गटास त्याशिवाय फेंटानिल हें वेदनाशामक दिलें. तें न मिळालेल्या मुलांच्या रक्तांत क्षोभदर्शक द्रव्यें कितीतरी अधिक आढळलीं आणि शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रवही त्यांनाच अधिक झाले. हा वृत्तांत १९८७ सालीं ज्या नियतकालिकानें छापला, तें हैदराबादेस वैद्य धाडणारें ‘लॅन्सेट’च होय. तान्ह्या ओठांना जें सांगतां आलें नाहीं, तें त्यांच्या रक्तानें सांगितलें.

आज वेदना मोजण्याचीं कोष्टकें आहेत. भुवई, डोळे, नाडी आणि रक्तांतील प्राणवायु पाहून परिचारिका आंकडा मांडते. मोठ्या प्रसंगीं वेदनाशामकें देतात. टांचेला सुई टोंचण्यापूर्वीं साखरेच्या द्रावणाचे दोन थेंब जिभेवर ठेवावे, आईनें मुलास उघड्या छातीशीं धरावें किंवा अंगावर पाजावें, यानेंही वेदना कमी होते असें प्रयोगांनीं सिद्ध झालें आहे. आमच्या आज्या मधाचें बोट चाटवीत, त्यांना गोडीचा गुण ठाऊक होता. मात्र मधांतून रोगजंतु जाण्याचें भय असल्यानें तान्ह्यास तो देऊं नये, हेंही शास्त्रानेंच दाखविलें. परंतु ज्ञान झालें म्हणजे आचरण झालें असें नव्हे. पॅरिस व आसपासच्या अतिदक्षता विभागांची पाहणी २००८ सालीं प्रसिद्ध झाली. तींत एकेका अर्भकास दिवसाकाठीं सुमारें १६ त्रासदायक उपचार सोसावे लागत, आणि वेदनादायक उपचारांपैकीं सुमारें ७९ टक्के वेदनाशमनाच्या खास उपायावांचून होत, असें आढळलें. पॅरिसची ही स्थिति, तर आमच्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांतून उघडलेल्या नवजात शिशु कक्षांत, जेथें एका परिचारिकेवर अनेक मुलांचा भार पडतो, तेथें किती जागरूकता लागेल हें निराळें सांगावयास नको.

मेळघाटांत पोट फुगलेल्या तान्ह्या मुलास तापल्या लोखंडाचे चटके दिल्याचें वाचून आम्ही सुशिक्षित लोक हळहळतों, आणि तें योग्यच आहे. पण त्या अडाणी हातांच्या मनांत मूल वांचविण्याची तळमळ असते; आणि सुशिक्षित हातांनींही हेंच अनेक दशकें, त्याच तळमळीनें, केलें. शास्त्रानें संशय घ्यावा, हा त्याचा धर्मच होय. परंतु संशयाचा फायदा कोणास द्यावयाचा, हा प्रश्न प्रयोगशाळेंतला नसून मनुष्यधर्माचा आहे. जो बोलूं शकत नाहीं, त्याला वेदना होते असेंच धरून चालावें. होत नाहीं असें ज्याला म्हणावयाचें असेल, त्यानें पुरावा आणावा.