कुंपणावरचा पाहुणा

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला निवडुंग म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. बांधावर, गावकुसाला, पडक्या गढीच्या आडोशाला तो उभा असतो. पुण्याच्या नाना पेठेत तर त्याने देवालाही नाव दिले आहे. निवडुंगाच्या जाळीत सापडला म्हणून तो निवडुंग्या विठोबा, आणि तुकोबांची पालखी त्याच्या देवळात मुक्कामाला असते. इतक्या ओळखीचे हे झाड परके आहे असे कोणी म्हटले, तर हसू यावे. पण ‘निवडुंग’ या एका शब्दाखाली आपण दोन निराळी घराणी नांदवीत आलो आहोत, आणि त्यांतले एकच मूळचे इथले आहे.

शाळेतल्या मुलांना मी त्याची सोपी खूण सांगतो. कांडे मोडावे, पण डोळ्यांना जपून. पांढरा चीक वाहू लागला, तर तो घरचा. तिधारी निवडुंग हा या घराण्यातला. जातीने तो एरंडाचा भाऊबंद. संस्कृतातील स्नुही किंवा सुधा याच कुळातली, आणि चरकसंहितेच्या कल्पस्थानात तिच्यावर स्वतंत्र अध्याय आहे. भगंदरावर वैद्य जे क्षारसूत्र वापरतात, त्या दोऱ्याला याच चिकाची, आघाड्याच्या क्षाराची आणि हळदीची पुटे चढवलेली असतात.

मोडल्यावर चीक न येता नुसता बुळबुळीत रस आला, तर तो दुसरा. नागाच्या फडीसारख्या चपट्या कांड्यांचा, पिवळ्या फुलांचा आणि लालजांभळ्या बोंडांचा फड्या. हा अमेरिकेचा. झाडांवर लोंबणारी एक बारीक जात आफ्रिकेत आणि लंकेत आढळते, तेवढी सोडली, तर या घराण्याची सारी मुळे अमेरिकेच्या दोन खंडांत आहेत. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला, त्यानंतरच ते इकडे येऊ शकले. मग दोघे दिसायला सारखे का? दोघांनाही उन्हानेच घडविले. पाणी साठवायचे तर पाने टाकावी, खोड फुगवावे आणि काटे धरावे, हा धडा दोन्ही घराणी दोन खंडांत आपापली शिकली.

फड्याच्या या देशातील कथेत मोठा वाटा आहे तो लाल रंगाचा. मेक्सिकोत फड्यावर कोचिनील नावाचा किडा पोसत. अंगावर कापसासारखे पांढरे आवरण घेऊन मादी एका जागी चिकटून बसते. ती चिरडली की किरमिजी रंग निघतो. पौंडभर रंगद्रव्याला सुमारे ७०,००० वाळलेले किडे लागत. हा व्यापार स्पेनच्या मुठीत होता आणि ईस्ट इंडिया कंपनीला तो हवा होता. मद्रासला कंपनीचे डॉक्टर जेम्स अँडरसन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस फड्याची बागच उभी केली. पुढे १७९५ मध्ये कॅप्टन नील्सन याने ब्राझीलमधील रिओ द जानेरोहून किडे कलकत्त्याला आणले.

किडे आले, पण ते भलतेच निघाले! मेक्सिकोचा पाळीव किडा तो नव्हे. त्याचा हा रानटी भाऊ. रंग निकृष्ट, धंदा बुडीत. मात्र किड्याने आपले काम चोख केले. तो फड्याच्या एका जातीवर तुटून पडला आणि उत्तर व मध्य हिंदुस्थानातून ती जवळजवळ नाहीशी केली. हे पाहून १८३६ ते १८३८ च्या सुमारास तो मुद्दाम दक्षिणेत नेण्यात आला. एका किड्याकरवी तण मारण्याचा जगाच्या इतिहासातील हा पहिला प्रयोग, आणि तो व्यापाऱ्याच्या फसगतीतून जन्मला.

पण फड्याच्या इतर जातींना तो किडा तोंड लावीना. त्या फोफावल्या. गायरान गिळावे, पाऊलवाट बुजवावी, साप-विंचवांना आसरा द्यावा, असा त्यांचा कारभार. तोडून टाकलेले कांडे पडल्या जागी मूळ धरते, तेव्हा कुऱ्हाड चालवणे म्हणजे पेरणी करणेच. आणि तरीही, दुष्काळात कडबा संपला की याच फड्याचे काटे जाळावर भाजून तो गुरांपुढे टाकावा लागे.

ऑस्ट्रेलियाची स्थिती याहून बिकट होती. तिथल्या सरकारने १९१२ ते १९१४ या काळात नेमलेले तज्ज्ञ उपाय शोधीत जगभर हिंडले. हिंदुस्थान आणि लंका येथेही आले, आणि इकडचा तो जुना किडा तिकडे गेला. पुढे ऑस्ट्रेलियातून दुसऱ्या जातीचा कोचिनील लंकेत आला आणि १९२६ साली लंकेतून दक्षिण हिंदुस्थानात. हा उरलेल्या जातींवर चालला. थोड्याच वर्षांत फड्याची रानेच्या राने पांढरी पडून कोसळली. आपण दिलेले उसने असे व्याजासह परत आले.

काही परके मात्र आपण कौतुकाने घरात घेतले. पावसाळ्यातल्या एका रात्री कुंडीत फुलणारे, शेजारपाजार जमवून जे ओवाळले जाते, ते आपले ‘ब्रह्मकमळ’ मूळचे मेक्सिकोकडील निवडुंगच. खरे ब्रह्मकमळ हिमालयात उगवते. ते उत्तराखंडाचे राज्यपुष्प आहे. अलीकडचे ड्रॅगन फ्रूटही याच घराण्यातले. सांगली जिल्ह्यातील तडसरचे हे फळ २०२१ मध्ये दुबईला गेले, आणि त्याच वर्षी गुजरात सरकारने त्याचे ‘कमलम्’ असे बारसे केले. मनात भरलेल्या परक्याला आपण कमळाच्या कुळात घेतो, ही आपली जुनी रीत दिसते.

आता बिनकाट्यांच्या निवडुंगाची पाळी आहे. कोरडवाहू भागात तो चारा म्हणून लावावा, असा प्रयत्न उरुळीकांचनची बाएफ संस्था करीत आहे. केंद्र सरकारही पाणलोटाच्या कामांत त्याला जागा देऊ लागले आहे. चाऱ्यासाठी बैल विकायची पाळी ज्याच्यावर येते, त्याने या झाडाला नाही का म्हणावे? परंतु १९२६ साली आणलेला किडा अजून याच देशात आहे, आणि काटे नसलेला फड्याही त्याचे अन्नच आहे. मोरोक्कोत २०१४ पासून त्याच जातीच्या किड्याने लोकांच्या पोटापाण्याच्या निवडुंगबागा उद्ध्वस्त केल्या.

परक्या झाडाला दोष देण्यात अर्थ नाही. ते आपल्या पायांनी आले नाही. रंगाच्या लोभाने ज्यांनी किडा आणला ते हिशेबाची वही मिटून गेले, आणि फड्या उपटायची पाळी आली ती बांधावरच्या माणसावर. नवे कांडे रोवताना एवढा इतिहास त्या माणसाला आधी सांगितला पाहिजे. फळ आले तर वाटेकरी पुष्कळ होतील. किडा पडला तर तो एकट्याच्या शेतात पडेल.